भंडारा लागलेलं घोंगडं

काकांना महामंडळावर घेणार, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या घरात येऊन मला पंधरवडाही झाला नव्हता. पाय प्लास्टरात होता. ओसरीवरच्या खाटेवर पडून येणारी-जाणारी माणसं बघायची, एवढाच उद्योग. चहा पिऊन उठणारा प्रत्येक जण आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "काकू, यंदा काकांचं पक्कं हाय बरं का!" आणि आतून काकूंचा आवाज यायचा, "होऊ द्या बाबा एकदाचं."

त्या 'एकदाचं'च्या मागे तेव्हाच बरीच वर्षं गेली होती. पुढे आणखी जायची होती, पण ते ना काकूंना ठाऊक होतं ना मला.

मी इकडचा नव्हे. तळकोकणातला. सातवीला शाळा सुटली. मी तिला सोडली की तिनं मला, ते आता आठवत नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून घरातून निघालो, पुढे हातात स्टिअरिंग आलं. जालन्याहून बियाण्याची पोती घेऊन परभणीकडे निघालो होतो, तर मंठ्याच्या अलीकडे ट्रक उलटला. मालक आला, पोती घेऊन गेला. नंतर ट्रकही ओढून नेला. मी मात्र सरकारी दवाखान्यातच राहिलो. मला न्यायचं त्याच्या ध्यानात राहिलं नसावं.

काका त्या दिवशी दवाखान्यात दुसऱ्याच कुणाला तरी भेटायला आले होते. पांढरा शर्ट, धोतर, डोक्याला पटका. जाता जाता माझ्या खाटेपाशी थांबले.

"तुझं इथं कोन हाय?"

"कुणी नाही."

"घरी कळवलं?"

"आईला वाचता येत नाही."

काकांनी माझ्या पायाकडे बघितलं. "मंग चल की," म्हणाले. जसं काही मीच मघापासून उशीर करून राह्यलो होतो.

असा मी त्या घरात आलो तो आलोच. पाय सांधल्यावर काकांची जीप चालवायला लागलो. मूलबाळ नव्हतं त्यांना. मला 'कोकण्या' म्हणायचे. त्या घरात ज्वारीची भाकरी, भात सणावारी. पण दर रविवारी काकू माझ्यापुरता तांदूळ शिजवायच्या. "लेकरू भाताचं हाय," एवढंच म्हणायच्या. मी जन्मतः घाबरट. आजचं ताट उद्या असेल की नसेल, ही धास्ती मला भरल्या ताटावरही असते. त्या रविवारच्या भातानं ती पहिल्यांदा थोडी कमी झाली, एवढं लिहून ठेवतो.

आता महामंडळाचं सांगतो. सरकारच्या मालकीच्या ज्या कंपन्या असतात, त्यांना आपल्याकडे महामंडळं म्हणतात. प्रत्येकाला एक संचालक मंडळ. त्यावर थोडे अधिकारी, आणि उरलेल्या खुर्च्या ज्यांचं सरकार त्यांच्या माणसांना. ज्याला निवडणुकीत तिकीट देता आलं नाही तो, जो रुसून बसला तर पाडापाडी करील तो, आणि ज्यानं उभा जन्म पक्षाच्या सतरंज्या उचलल्या तो. हे तिघं त्या खुर्च्यांकडे बघत असतात. काका तिसऱ्यातले. त्यांचं घराणं मूळचं मेंढरांमागचं, आजोबांच्या काळात जमिनीवर टेकलेलं. म्हणून त्यांचा डोळा लोकरीच्या महामंडळावर. अध्यक्ष नको, उपाध्यक्ष नको, नुसतं अशासकीय सदस्य. आमच्या जिल्ह्याचे साहेब तेव्हा मंत्री होते आणि काका साहेबांचे मंठ्यातले माणूस होते. साहेबांनी शब्द दिला होता. नेमणुका अधिवेशन झाल्यावर होणार होत्या. मग पितृपंधरवडा सरल्यावर. मग दिवाळीनंतर. कोणत्या दिवाळीनंतर, ते कुणी विचारत नव्हतं.

काकूंचं म्हणणं एकच. भाकऱ्या थापताना मला सांगायच्या, "मला बोलले हायेत. एकदा नाव लागलं, एक मुदत झाली, की जीप इकायची, आखाड्यावर जायचं ऱ्हायला, चार मेंढरं घ्यायची. मंग तुझ्याबिगर कुठं जानार न्हाई म्हन्ले." आखाडा म्हणजे शेतातलं घर. तिथं दोन लिंबं होती, कडुलिंबाची, आणि एक विहीर. लग्न झाल्यापासून नवरा सलग आठवडाभर घरात दिसलेला काकूंना आठवत नव्हता.

मी एकदा धीर करून काकांना विचारलं, "काका, तसंही सोडता येईल की. नाव लागलंच पाहिजे असं कुठं आहे?"

"कोकण्या, तुला न्हाई कळायचं. नाव न लागता घरी बसलो तर लोक म्हनतील, हाकलला. नाव लागून घरी बसलो तर म्हनतील, सोडला. दोन्हीत फरक हाय."

मला तो फरक कळला. एक ट्रकमालक मला दवाखान्यात सोडून गेला होता, तेव्हा मला तो कळणारच.

माझी धास्ती वेगळी. काकांचं नाव लागलं की सरकारी गाडी येणार, सरकारी ड्रायव्हर येणार. मग मी कुठं जाणार? हे मी तोंडानं बोललो नाही, पण काकूंनी ओळखलं. "तुला काऊन घोर लागलाय? आखाड्यावर मेंढरं कोन राखील?" काका ओसरीवरून ओरडले, "कोकण्या अन् मेंढरं! मासळी समजून शिजवून खाईल!" त्या दिवशी आम्ही तिघंही लई हसलो.

काकांचं काम कसं चालायचं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सभा, ट्रॉल्या, खुर्च्या, हे सगळे कार्यकर्ते करतात. काकांचं खरं काम मैतीचं. तालुक्यात कुणाच्याही घरी माणूस गेलं की काका जायचे. गरीब असो, मोठा असो, विरोधकाचा असो. हार घेऊन जायचे, दारात पायताण काढायचे आणि म्हणायचे, "साहेबांनी पाठवलंय."

मग जमिनीवर बसायचे. खुर्ची दिली तरी घ्यायचे नाहीत. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, चहा शेजारून येतो. तो शेजारचा चहा येईपर्यंत उठायचे नाहीत. मला बजावून ठेवलं होतं, "हार ठेवून पळनारा मानूस म्हंजे पोस्टमन. आपन बसायला जातो."

"साहेबांना माहीत असतं का हे घर?" मी एकदा जीपमध्ये विचारलं.

काका मोठ्यानं हसले. "साहेबाला सोताच्या मामाचं घर ठावं न्हाई बराबर! पन मान्साला दुखात वाटलं पायजे का न्हाई, की आपली खबर वर कुठंतरी गेली? तेवढंच आपल्या हातात."

साहेब आपल्या माणसांना किती जपतात, असं सगळा तालुका म्हणायचा. साहेबांचं ते जपणं आमच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेलं असायचं, तंबाखू मळत.

आता घोंगडं. काकूंच्या भावाकडे तेव्हाही थोडी मेंढरं होती. त्यांच्या काळ्या लोकरीचं सूत काकूंनी स्वतः चरख्यावर काढलं होतं आणि विणकराकडून घोंगडं विणून घेतलं होतं. काळंभोर, काठाला पांढरी रेघ, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेलं. उभं केलं तर माणसासारखं उभं राहावं. काकांचं नाव लागलं की त्यांच्या खांद्यावर घालायचं म्हणून. काकूंच्या माहेरची रीत अशी, की मानाचं घोंगडं विणून झालं तरी ते नुसतं पांघरूण. ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव घेऊन एका कोपऱ्याला देवाचा भंडारा लावला, म्हणजे ती पिवळी हळद, की ते मानाचं झालं. आणि एकदा भंडारा लागला की ते परत पेटीत जात नाही. कुणाच्या तरी खांद्यावर गेलंच पाहिजे. म्हणून काकूंनी ते बिनभंडाऱ्याचंच पेटीत ठेवलं होतं. दर उन्हाळ्यात बाहेर काढून ऊन दाखवायच्या, कसर लागू नये म्हणून. गल्लीतला चहावाला जाता-येता विचारायचा, "काकू, ऊन घोंगड्याला दाखवून राह्यल्या का काकांच्या नशिबाला?"

"दोघान्ला," काकू म्हणायच्या.

अशी वर्षं गेली. काकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मी जीपचे टायर बदलत राहिलो.

मग एका सकाळी समोरच्या खताच्या दुकानात साहेबांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. काकांचं नाव पक्कं झालंय, साहेबांनी काल स्वतः सांगितलं, आदेश एक-दोन दिवसांत निघेल. दुकानदार रस्ता ओलांडेपर्यंत ओरडत आला, त्यामुळे घराला कळायच्या आधी गल्लीला कळलं. फटाक्यांची माळ लागली. चहावाल्यानं फुकट चहा वाटला आणि लगेच काकांना बाजूला घेऊन, महामंडळाच्या कचेरीत कॅन्टीन असतं का, ते विचारून घेतलं. कुणाचा पुतण्या शिपाई म्हणून, कुणाचा जावई कारकून म्हणून. काका सगळ्यांना "बघू, बघू" म्हणत होते. साहेब त्यांना जसं म्हणायचे, अगदी तसंच.

आत काकूंनी पेटी उघडली होती.

माझ्या मनात आलं, आदेश हातात येऊ द्यावा. पण मला कशाचीही धास्ती वाटते, हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे माझ्या धास्तीला भाव नव्हता. आणि काकूंचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. नव्या नवरीसारखं म्हणावं तर खोटं होईल. उपास सुटायच्या वेळी बाईचं तोंड असतं, तसं. त्यांनी देवापुढची वाटी घेतली, काकांचं नाव घेतलं. नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत, ते त्या दिवशी घेतलं. आणि घोंगड्याच्या कोपऱ्याला भंडारा लावला. उरलेला काकांच्या कपाळाला.

"आवं, सत्काराच्या दिशी घालायचं ना?" काका म्हणाले.

"घालीन तवा घालीन. भंडारा आज लावला. आता ते तुमचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचं बोलावणं आलं, जालन्याच्या विश्रामगृहावर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. रस्ताभर बोलत होते. वाटूर फाट्याला जीप थांबवून त्यांनी पेढे घेतले, साहेबांना द्यायला.

विश्रामगृहाच्या आवारात गाड्याच गाड्या. साहेब स्वतः पायऱ्या उतरून बाहेर आले. ते तसे कधी येत नसत. काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना माझ्या जीपपर्यंत चालवत आणलं. मी पलीकडून बॉनेट पुसत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"काका, या खेपेला समजून घ्या. रात्रीतून बदल करावा लागला. मेहुण्याचं नाव घालावं लागलं. घरातलंच आलं म्हटल्यावर माझा इलाज नाही."

काकांनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"घरच्यांना नाही म्हणता येत नाही हो. तुम्ही तर आपलेच."

"व्हय साहेब."

"आणि पहिला सत्कार तुमच्या मंठ्यात ठेवा. तुमच्यासारखा कार्यक्रम जिल्ह्यात कुणाला जमत नाही."

"व्हय साहेब."

साहेबांनाही अवघडल्यासारखं झालं असावं. "तुमचं दुसरं काही काम असलं तर सांगा. आत्ता सांगा. लगेच करतो."

काकांनी इकडं तिकडं बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत मागायचं एकच ठरवून ठेवलेलं, त्यामुळे दुसरं काही सुचेना. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ह्या गड्याला चिकटवा कुठंतरी. परमुलखातला हाय. जीप आता जास्त दिस चालायची न्हाई."

साहेबांनी वळून कुणाला तरी हाक मारली आणि माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं. काकांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. "मेहुण्यांचं तोंड गोड करा," म्हणाले.

परतीच्या वाटेवर वाटूर फाट्याला मी गाडी हळू केली. काका म्हणाले, "चल." मंठा येईपर्यंत तेवढंच.

काकू दारात उभ्या. काकांनी पायताण काढलं, खाली बसले. भिंतीला टेकून. मैतीला बसायचे तसे.

"झालं?"

"झालं. दुसऱ्याचं."

काकू आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या घोंगडं घेऊनच.

"ह्याला भंडारा लागलाय. पेटीत ठेवता येत न्हाई."

"परवा सत्कार हाय," काका म्हणाले. "त्याच्याच अंगावर घालू."

"माझ्या हातचं?"

"तुझ्याच हातचं. मंग काय करू, सांग. घरात ठिवू? नाव माझं घेतलंस, अन् घरात ठिवू?"

काकू उभ्याच होत्या. घोंगड्याचा तो कोपरा त्यांनी मुठीत धरला होता, भंडारा बोटांना लागत होता. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत.

"घाला," म्हणाल्या. "पन त्या मान्साला सांगा, वर्साला ऊन दाखवा म्हनाव. न्हाईतर कसर लागंल."

सत्कार जोरात झाला. बाजारतळावर मंडप, हलगी, फेटे. काकांनीच माईकवरून नाव पुकारलं, काकांनीच घोंगडं घडी मोडून त्या माणसाच्या खांद्यावर घातलं. काठी हातात दिली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. जालन्यात त्याचा पेट्रोलपंप होता. घोंगडं टोचायला लागलं तसा तो हसून म्हणाला, "अरे बाप रे, हे तर चावतंय!" सगळा मंडप हसला. चहावाला माझ्या कानाशी पुटपुटला, "मेंढीला शिंगं कुठं असत्यात, इचार त्याला." मग काका मेहुण्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. तो मान हलवत होता. उन्हाचं सांगत असणार.

सभा संपल्यावर काकांनी नेहमीसारख्या भाड्याच्या खुर्च्या मोजून... नाही, त्या दिवशी त्यांनी खुर्च्या मोजल्या नाहीत. पहिल्यांदाच.

मला नोकरी लागली. लोकरीच्या महामंडळाची जालन्याला छोटी कचेरी होती, तिथं ड्रायव्हर. कचेरीची गाडी कायम नव्या सदस्यांच्या, साहेबांच्या त्या मेहुण्यांच्या दारात, म्हणजे मी त्यांचा ड्रायव्हर. निघताना काकूंच्या पाया पडलो. "रविवारी येत जा, भात करते," म्हणाल्या. पहिल्या पगाराच्या सुट्टीत मी गावी जाऊन आलो आणि येताना त्यांच्यासाठी आमसुलं आणली. त्यांनी वरणात टाकून बघितली, तोंड आंबट केलं, आणि संपेपर्यंत रोज टाकली.

वशिल्याची नोकरी वाईट, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. माझ्या जागी अर्ज केलेला कुणीतरी शिकलेला मुलगा बाहेर राहिला असेल, हे मला कळतं. पण ज्या माणसानं उभा जन्म एका खुर्चीसाठी घालवला, त्याला त्या जन्माच्या बदल्यात जे काही मिळालं, ते सगळं मला मिळालं. माझ्या घराच्या विटा, माझ्या मुलांची पुस्तकं, बायकोचं औषध, सगळं त्याच्यातून आलं. मी कुठल्या तोंडानं वाईट म्हणू? आणि चांगलं तरी कसं म्हणू?

सदस्यांच्या बैठका मी गाडीत बसून बघितल्या. सकाळी न्यायचं, दुपारी आणायचं. मंठ्याकडचं लोकर केंद्र, ज्याचं कुलूप काढायचं काका बोलत असत, त्याचं कुलूप तसंच राहिलं. सत्कार मात्र खूप झाले. शाली, नारळ, फेटे सगळे डिकीत जायचे. घोंगडं तळाशी. मी सदस्यांना दोनदा आठवण करून दिली, "साहेब, त्याला ऊन दाखवायचं होतं." ते म्हणाले, "हो हो, दाखवू."

मग निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि जुन्या सरकारनं नेमलेली मंडळं बरखास्त झाली. सदस्य घरी बसले. खुर्ची त्यांना पुरती गरमही झाली नव्हती. गाडी परत करायच्या दिवशी डिकी रिकामी करताना ते म्हणाले, "ते काळं तू घेऊन जा रे. वास मारतंय." मी घरी नेऊन उलगडलं, तर कसरीनं खाल्लं होतं. मधोमध भोकं. भंडाऱ्याचा कोपरा तेवढा शाबूत, फिकट पिवळा.

ते काकूंना कसं दाखवू? मी ते गच्चीवर उन्हात घालत राहिलो, झटकत राहिलो. रविवारी मंठ्याला गेलो की भात खायचो आणि घोंगड्याचा विषय काढायचो नाही. त्याही कधी विचारत नव्हत्या.

साहेबांनी दरम्यान पक्ष बदलला. नव्या पक्षात जुनी माणसं लागतातच. काकांना परत शब्द मिळाला. काका परत निघाले. जीप मोडीत गेली होती, तर एसटीनं फिरायला लागले. काकू थकत चालल्या होत्या. छातीत दुखायचं. मी जालन्याला मोठ्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. येताना गाडीत म्हणाल्या, "आखाड्यावरची लिंबं बघून येऊ का जराशी?" आम्ही वाट वाकडी करून गेलो. विहिरीच्या काठावर बसल्या. "हितं मेंढरं बसली असती," म्हणाल्या, आणि हातानं जागा दाखवली. लहान जागा होती. चारच मेंढरं मावतील एवढी.

काकू गेल्या तेव्हा काका अंकुशनगरच्या बाजूला होते, साहेबांच्या सभेच्या तयारीला. मला कचेरीत फोन आला. मी घोंगडं पिशवीत घातलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. का घेतलं ते सांगता येणार नाही. घरात ठेवून जाववलं नाही, एवढंच.

माझ्या आधी थोडाच वेळ काका पोचले होते. सगळं उरकेपर्यंत ते एकदाही बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माणसं यायला लागली. गावोगावची. मी त्यांना ओळखत होतो, ही सगळी जीपच्या वाटेवरची घरं. ज्यांच्या दारात काका कधी ना कधी पायताण काढून बसले होते, ती. बैलगाडीनं, एसटीनं, पायी. साहेब येतील म्हणून गल्लीतली पोरं रस्त्याला उभी होती.

दुपारी एक मोटारसायकल आली. पंचविशीतला कार्यकर्ता, पांढरे कपडे, हातात हार. दारात आला, पायताण न काढताच म्हणाला, "काका, साहेबांनी पाठवलंय."

मला काकांकडे बघवेना.

काकांनी त्याच्याकडे वर बघितलं. त्या पोराला काही कळत नव्हतं. तो फोटो कुठं आहे ते शोधत होता, हार घालायला.

"साहेबांनी?" काका म्हणाले.

"हां काका. साहेब स्वतः येनार व्हते, पन मुंबईला..."

"न्हाई, असू दे." काकांनी त्याच्या पायांकडे बोट केलं. "बाबा, पायताण काढ अन् बैस. हार ठेवून पळू नको. शेजारून चहा येईल, तवर बसायचं असतं. म्या बसत होतो."

पोरगा घोटाळला. बसायला जागा नव्हती, ओसरी भरलेली. अंगणात नुसती माती.

मी पिशवीतून घोंगडं काढलं. काकांच्या खांद्यावर घालावं असं माझ्या मनात होतं, निदान आता तरी. भंडारा लागलेलं आहे, कुणाच्या तरी खांद्यावर जायलाच पाहिजे, आणि नाव त्यांचंच घेतलेलं. मी ते उलगडून त्यांच्या मागे गेलो. त्यांनी ओळखलं. वासानंच ओळखलं असावं. हात वर करून थांबवलं.

"ते तिच्या हातानं पडायचं व्हतं," म्हणाले.

त्यांनी घोंगडं माझ्याकडून घेतलं, मांडीवर पसरलं. एका भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं. ते बोट तसंच ठेवून बराच वेळ बसले. मला विचारलं नाही, की हे कुठं होतं, कुणी असं केलं.

"ऊन न्हाई दाखवलं त्यांनी," एवढंच म्हणाले.

मग मला म्हणाले, "कोकण्या, टाक खाली. मानसं बसू दे."

मी अंगणात घोंगडं अंथरलं. भंडाऱ्याचा कोपरा काकांनी स्वतः पुढं होऊन दुमडून आत घेतला, पायाखाली येऊ नये म्हणून. साहेबांनी पाठवलेला पोरगा त्यावर अवघडून टेकला. त्याच्या शेजारी कुठल्याशा वाडीची म्हातारी येऊन बसली. तिचा मुलगा विजेच्या तारेला चिकटून गेला होता. त्या दिवशी मी जीप तिच्या दारात उभी केली होती. ती घोंगड्यावरून हात फिरवत म्हणाली, "चांगलं इनलंय. कोनाचं हाय?"

काकांनी दुमडलेला कोपरा हातानं आणखी आत सारला. शेजारून चहा आला.